चरित्र आणि अभिनेता : गिरीश कार्नाडांच्या पडद्यावरील भूमिकांविषयी

बेंगळुरूहून देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जाणारा हमरस्ता येलहंक्यावरून जातो. येलहंका हे आज महानगराचे एक उपनगर असले तरी इतिहासाचा क्रम उलटा आहे. १५३७ मध्ये बेंगळुरूचा कोट उभारणारे केंपेगौडा हे 'येलहंका नाडप्रभू' म्हणवून घेणाऱ्या घराण्यातले, म्हणजे येलहंका आधीचे आणि बेंगळुरू नंतरचे. विजयनगरच्या या मांडलिकांकडून हे शहर १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हा भाग मराठी वाचकास परिचित आहे. विमानतळाला २०१३ मध्ये केंपेगौडांचे नाव देण्यात आले. टिपू सुलतानाचा जन्म देवनहळ्ळीचा. तेव्हा हे नाव टिपूचे असते तर योग्य झाले असते, असे उद्गार १० नोव्हेंबर २०१५ रोजी बेंगळुरूच्या एका समारंभात गिरीश कार्नाडांनी काढले. त्यावर मोठा क्षोभ उसळला आणि कार्नाडांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

या प्रसंगाची योग्यायोग्यता ठरवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. एका अभ्यासविषयक अडचणीकडे मात्र त्यामुळे लक्ष वेधले जाते. 'तुघलक' आणि 'टिपू सुलतान कंड कनसु' या नाटकांचा कर्ता म्हणून कार्नाडांना ओळखणारा वर्ग मर्यादित होता. त्यांचा चेहरा आणि आवाज ओळखणारा वर्ग अफाट होता, आणि ती ओळख चित्रपट-दूरदर्शनवरील चरित्र अभिनेत्याची होती. साहित्याच्या इतिहासात मात्र त्यांच्या अभिनयाला एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळत नाही. पडद्यावरचे काम हे आपल्या चरितार्थाचे साधन आहे, असे कार्नाडांनी स्वतःच मोकळेपणाने मान्य केल्यामुळे अभ्यासकांची सोय झाली. नाटककार एका प्रकरणात आणि नट तळटीपेत, अशी वाटणी करता आली. ही वाटणी तौलनिक अभ्यासाला घातक आहे, असे मला वाटते.

प्रथम संज्ञेविषयी. 'चरित्र अभिनेता' हा शब्द मराठीत हिंदी चित्रपटसृष्टीमार्गे आला. मराठीत 'चरित्र' म्हणजे जीवनवृत्तान्त. स्वभाव किंवा पात्र हा अर्थ आपल्याकडे 'चारित्र्य', 'स्वभावचित्र' अशा शब्दांनी वाहिला. त्यामुळे मराठी कानाला ही संज्ञा किंचित चमत्कारिक लागते. कार्नाडांच्या बाबतीत हा चमत्कारिकपणा उपयोगाचा ठरतो.

त्यांचा जन्म १९ मे १९३८ रोजी माथेरानला झाला. मातृभाषा कोंकणी, बालपण सिरसीत, शिक्षण धारवाडला, पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला, आणि लेखन कन्नडमध्ये. १९६३ ते १९७० या काळात ते मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरीला होते. १९७० मध्ये पट्टाभिराम रेड्डी यांच्या 'संस्कार'मध्ये त्यांनी प्राणेशाचार्यांची भूमिका केली. यू. आर. अनंतमूर्तींच्या १९६५ च्या कादंबरीवरील या चित्रपटाची पटकथाही त्यांचीच. सेन्सॉरने आरंभी रोखलेल्या या चित्रपटाला पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. शास्त्रनिष्ठ, शुद्ध आचरणाचा, सारा अग्रहार ज्याच्याकडे निर्णयासाठी पाहतो असा पुरुष निर्णयाच्या क्षणीच निरुत्तर होतो, ही त्या भूमिकेची घडण आहे. मला वाटते, कार्नाडांच्या नंतरच्या अनेक भूमिका याच साच्यातून निघाल्या.

श्याम बेनेगल यांच्या 'निशांत'मध्ये (१९७५) ते शाळामास्तर आहेत. जमीनदाराच्या माणसांनी बायको पळवून नेल्यावर हा मास्तर कायद्याची एकेक पायरी चढतो आणि रिकाम्या हाताने उतरतो. अखेरीस गावाला तो चेतवतो खरा; पण उसळलेल्या जमावाच्या हिंसेत त्याची पत्नीही मारली जाते. 'मंथन'मध्ये (१९७६) ते पशुवैद्य डॉ. राव आहेत. गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढलेल्या या चित्रपटात सहकाराचा विचार गावात आणणारा सुशिक्षित माणूस काम अर्धवट टाकून निघून जातो, आणि ते पुढे चालवणारा गावातलाच असतो. तिसरी भूमिका जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'तील (१९८२) सुभाष महाजन या वकिलाची. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरील या चित्रपटात सुभाष हा खलनायक नाही. तो समंजस आहे, पत्नीच्या शिक्षणाविषयी आदर बाळगणारा आहे. ती आश्रमाच्या कामावरून परतते तेव्हा आपल्या आयुष्यात आलेल्या दुसऱ्या स्त्रीविषयी तो तिला प्रामाणिकपणे सांगतो आणि तरीही तिने घरात राहावे अशी अपेक्षा करतो. स्मिता पाटील यांच्या सुलभाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पण तिचे घर सोडणे अटळ वाटते ते समोरचा पुरुष इतका सभ्य असल्यामुळे, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आरडाओरडा करणारा नवरा असता तर तो चित्रपट निम्म्याने सोपा झाला असता.

या तिन्ही चित्रपटांच्या लेखनामागे विजय तेंडुलकर आहेत, ही गोष्ट माझ्या मते कळीची आहे. कार्नाडांचे 'तुघलक' (१९६४) मराठीत आणले तेही तेंडुलकरांनीच. आपण कन्नड-मराठी देवघेवीचा हिशेब मांडताना 'तुघलक' आणि चिं. त्र्यं. खानोलकरांनी अनुवादलेला, विजया मेहतांनी रंगभूमीवर आणलेला 'हयवदन' जमेस धरतो. तो हिशेब एकमार्गी आहे. कार्नाडांचा आदर्शवादी, स्वतःच्याच बुद्धीने घात झालेला सुलतान तेंडुलकरांच्या भाषेतून मराठीत आला. उलट दिशेने, सुशिक्षित मध्यमवर्गाच्या सदिच्छेविषयीची तेंडुलकरांची कठोर शंका कार्नाडांच्या देहातून पडद्यावर गेली. अनुवादाचे माध्यम जसे शब्द असते तसे ते नटाचे शरीरही असू शकते, हे मान्य केल्याशिवाय या व्यवहाराची दुसरी बाजू दिसत नाही. प्राणेशाचार्य, तुघलक, मास्तर, डॉ. राव आणि सुभाष महाजन यांना एका ओळीत उभे करून पाहावे. त्यांच्यातले साम्य योगायोगाचे ठरवणे कठीण आहे.

मराठीशी त्यांचे आणखीही धागे होते. १९७४-७५ मध्ये ते पुण्याच्या चित्रपट संस्थेचे संचालक होते. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरील 'भूमिका' (१९७७) या चित्रपटाच्या पटकथेत बेनेगल आणि सत्यदेव दुबे यांच्यासह त्यांचा वाटा होता. 'ओंदानोंदु कालदल्ली'साठी (१९७८) त्यांनी निवडलेला शंकर नाग हा तरुण मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला होता. याच शंकर नागने पुढे दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' केली आणि त्यात स्वामीच्या वडिलांची भूमिका कार्नाडांना दिली. या मालिकेवर स्वतंत्र निबंध व्हावा. इंग्रजीत लिहिणाऱ्या तमिळ लेखकाचे काल्पनिक गाव मलनाडातील आगुंबे येथे उभारले गेले, ते हिंदी बोलू लागले आणि महाराष्ट्रातील घराघरांत आपले वाटले. त्या गावातील पितृसत्तेचा चेहरा कार्नाडांचा होता. चष्म्यावरून पाहणारा, कमी बोलणारा, मुलाला धाक वाटेल पण द्वेष वाटणार नाही असा हा बाप आहे.

हाच भारदस्तपणा पुढे व्यावसायिक चित्रपटांनी विकत घेतला. शंकर यांच्या 'कादलन' (१९९४) या तमिळ चित्रपटात ते कारस्थानी राज्यपाल झाले. 'इक्बाल'मध्ये (२००५) ते क्रिकेटचे गुरुजी आहेत. अकादमीला प्रतिष्ठा आहे आणि गुरू सौदा करतो. या भूमिकांना कोणी हिणवू नये. प्रेक्षकाला ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायची सवय लागली होती, तोच चेहरा येथे विश्वासघातासाठी वापरलेला आहे, आणि ही युक्ती साधण्यासाठी मागची वीस वर्षे खर्ची पडलेली आहेत. याच काळात लिहिलेल्या 'ओडकलु बिंब' या नाटकात दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील लेखिकेची प्रतिमा जिवंत लेखिकेला उलटतपासणीस उभी करते. पडद्यावर स्वतःची प्रतिमा वर्षानुवर्षे पाहिलेल्या नाटककारालाच हे सुचावे, यात नवल नाही.

२०१७ च्या 'टायगर जिंदा है'मध्ये ते पुन्हा गुप्तचर खात्याचे डॉ. शेणॉय म्हणून आले, तेव्हा त्यांच्या नाकाशी प्राणवायूची नळी होती. ती पात्राची नव्हती, नटाची होती. श्वसनाच्या आजाराने त्यांना ग्रासले होते. पात्राने ती निमूटपणे स्वीकारली. सप्टेंबर २०१८ मध्ये गौरी लंकेश यांच्या स्मृतिदिनी बेंगळुरूच्या सभेत ते गळ्यात फलक अडकवून बसले, तेव्हाही तीच नळी होती, आणि ते छायाचित्र देशभर पोहोचले. १० जून २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. शासकीय इतमाम आणि धार्मिक विधी दोन्ही नाकारून बेंगळुरूच्या कल्पळ्ळी स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.