चित्रपटातील प्राचीन इजिप्त : वेष आणि वास्तू

कॅलिफोर्नियाच्या सागरकिनाऱ्यावर ग्वादलूप नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील वाळूच्या टेकड्यांखाली इ. स. १९२३ मध्ये एक इजिप्ती नगर पुरले गेले. सेसिल डिमिल याच्या ‘द टेन कमांडमेंट्स’ या मूकपटासाठी पॉल इरिब या कलावंताने त्या नगराचे प्रचंड महाद्वार, फेरोच्या बैठ्या मूर्ती आणि सिंहमानवांची म्हणजे स्फिंक्सची दुहेरी रांग लाकूड व प्लॅस्टर यांतून उभारली होती. चित्रण संपताच ते सारे मोडून वाळूत गाडण्यात आले. पुढे आपल्या आत्मचरित्रात डिमिलने विनोदाने लिहिले आहे की, हजार वर्षांनी कोणी येथे उत्खनन केले, तर इजिप्तची संस्कृती पॅसिफिकपर्यंत पोचली होती असा निष्कर्ष त्याने घाईने काढू नये. १९८३ मध्ये त्या नगराचा शोध लागला, आणि नंतरच्या वर्षांत प्लॅस्टरचे स्फिंक्स खरोखरीच पुरातत्त्ववेत्त्यांच्या कुंचल्यांनी वाळूतून बाहेर आले. चित्रपटाचा इजिप्त हाही आता एक प्राचीन अवशेष झाला आहे. त्याचे परीक्षण त्याच गांभीर्याने करावयास हरकत नसावी.

असे परीक्षण करताना आपण बहुधा चुकांची यादी करीत बसतो : अमुक मुकुट त्या काळी नव्हता, तमुक कमान चारशे वर्षांनी बांधली गेली. अशा यादीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण तिने मूळ प्रश्न सुटत नाही. प्रश्न असा की, नेपथ्यकार आणि वेषकार यांनी नक्कल केली ती कशाची? इजिप्तच्या जीवनाची की इजिप्तच्या चित्रांची?

वस्त्राचेच उदाहरण घ्या. थडग्यांच्या भिंतींवर स्त्रिया अंगाला घट्ट बिलगलेला, छातीखालून घोट्यापर्यंत गेलेला, दोन पट्ट्यांवर तोललेला शुभ्र वेष ल्यालेल्या दिसतात. तो इतका आवळ आहे की तो घालून पाऊलही टाकता येऊ नये. पडद्यावरील इजिप्ती सुंदरीचा हा जणू गणवेषच होऊन बसला आहे. परंतु थडग्यांतून प्रत्यक्ष हाती आलेली वस्त्रे पाहिली तर ती सैल निघतात. तारखान येथे सापडलेला तागाचा अंगरखा आज लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. २०१५ मध्ये त्याचे कालमापन झाले, तेव्हा तो इ. स. पूर्व ३४८२ ते ३१०२ या दरम्यानचा ठरला. त्याला बाह्या आहेत, चुण्या आहेत, गळा पुढे निमुळता कापलेला आहे, आणि वापरल्याच्या खुणाही आहेत. मग भिंतीवरचा तो घट्ट वेष खोटा म्हणावयाचा काय? तसे नव्हे. चित्रकाराने देहाची रेषा दाखविली. शिंप्याची शिवण त्याला दाखवावयाची नव्हती. चेहरा बाजूने आणि डोळा समोरून काढण्याचा जसा त्याचा संकेत, तसाच हाही. आमच्या वेषकारांनी चेहऱ्याचा संकेत ओळखला आणि वस्त्राचा संकेत मात्र वस्तुस्थिती समजून शिवून काढला. चित्रकलेच्या व्याकरणाला त्यांनी कापडाचा इतिहास मानले.

या गैरसमजाची परंपरा चित्रपटाहून जुनी आहे. १८७१ मध्ये कैरो येथे व्हेर्दीचा ‘आयदा’ हा संगीतप्रयोग झाला, तेव्हा त्याच्या वेषभूषेची आखणी ऑगस्त मारिएत या नामांकित पुरातत्त्वज्ञाने केली होती. नेपथ्य व पोषाख पॅरिसमध्ये तयार झाले; त्या शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडल्यामुळे ते तेथेच अडकले, आणि प्रयोग लांबणीवर पडला. इजिप्तच्या भूमीवर सादर व्हावयाचा इजिप्त युरोपातून पेटाऱ्यांत भरून यावयाचा होता, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. पुढे एडवर्ड पॉइंटर, अल्मा-टाडेमा प्रभृती चित्रकारांच्या विशाल चित्रपटांनी (येथे हा शब्द जुन्या अर्थाने वापरीत आहे) तोच इजिप्त युरोपीय मनात ठसविला. चलच्चित्राला तो आयता मिळाला. आपल्याकडे रविवर्म्याच्या चित्रांनी देवादिकांना जे वेष दिले, तेच पुढे पौराणिक बोलपटांनी उचलले. त्याची आठवण येथे सहज होते.

वास्तूचा प्रकार याहून उद्बोधक आहे. इजिप्ती लोक देवाचे घर दगडात बांधीत, कारण देव चिरंतन. राजासुद्धा राहत असे तो कच्च्या विटांच्या, मातीने लिंपलेल्या व रंगविलेल्या प्रासादात. म्हणून मंदिरे उरली आणि मलकाता व अमार्ना येथील राजवाड्यांचे केवळ पाये उरले. चित्रपटकाराला दिसली ती उरलेली वास्तू. त्याने फेरोला सरळ कर्नाकच्या मंदिरात राहावयास पाठविले! आणि कर्नाकसुद्धा जसेच्या तसे नव्हे. तेथील महास्तंभमंडपात १३४ स्तंभ इतक्या दाटीने उभे आहेत की त्यांच्यामधून मिरवणूक जाईल ती मधल्या एका वाटेनेच. उजेड येतो तो वरच्या जाळीदार दगडी खिडक्यांतून, आणि आत आत जावे तसा तो मावळत जातो. तेथील सारी रचनाच अंधाराकडे नेणारी आहे. पडद्यावर हे स्तंभ एकमेकांपासून दूर सरतात, मध्ये नर्तकींना आणि कॅमेऱ्याच्या गाड्याला जागा मिळते, वरून प्रकाशाचा वर्षाव होतो. आकार तोच राहतो. आशय पार उलटतो. मुकुटांच्या साऱ्या चुकांपेक्षा ही चूक मला अधिक गंभीर वाटते. शिवाय दगड उघडा, पिवळट दाखवितात. मूळचे ते स्तंभ लाल, निळ्या, हिरव्या रंगांनी झळाळत होते. आजच्या प्रवाशाला जे भग्न दिसते, तेच फेरोच्या काळीही तसेच होते, असा हा भाबडा समज आहे.

अभ्यास मुळीच नव्हता असे मात्र नाही. डिमिलने १९५६ मध्ये हाच विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा हेन्री नोर्डलिंगर या संशोधकाने केलेली सिद्धता स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पण ग्रंथ संशोधकाचा आणि नायिका चित्रसंस्थेची, अशी ही वाटणी होती. अलंकार संग्रहालयातून आले; वस्त्राची बेतणी त्या वर्षीच्या फॅशनमधून आली. प्रत्येक दशकाची क्लिओपात्रा पाहिली की हे ध्यानी येते. १९३४ च्या क्लोदेत कोल्बेरसाठी ट्रॅव्हिस बँटनने तिरप्या कापाचे चमकदार रेशीम वापरले; १९६३ च्या एलिझाबेथ टेलरसाठी आयरीन शराफने सुमारे ६५ पोषाख केले, आणि त्यांतील कमरेची व वक्षाची घडण पाहून चित्राचे साल सांगता येते. त्या चित्राला वेषभूषेचे आणि कलादिग्दर्शनाचे अशी दोन्ही ऑस्कर पारितोषिके मिळाली. काळ्या स्फिंक्सवर आरूढ होऊन राणी रोममध्ये प्रवेश करते तो प्रसंग दिपवून टाकणारा आहे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पण क्लिओपात्रेचा खरा पेच निराळाच आहे. ती मॅसिडोनियन वंशाची. तिची राजधानी अलेक्झांड्रिया हे ग्रीक नगर. नाण्यांवर ती केसांचा मागे अंबाडा बांधून, कपाळावर साधी राजपट्टी लावून दिसते. खुफूचा पिरॅमिड तिच्यापासून जितका दूर, तितके आपणही तिच्यापासून दूर नाही. तथापि डेंडेराच्या मंदिराच्या भिंतीवर तीच राणी देवीच्या प्राचीन वेषात उभी आहे. म्हणजे इजिप्ती वेष ही तिचीही भूमिकाच होती. प्रजेपुढे ती तो धारण करीत असे. हे नाट्य एखाद्या वेषकाराच्या हाती लागते, ग्रीक राणी इजिप्ती होताना आपल्याला दिसती, तर केवढी संधी होती! चित्रपटांनी तिला जन्मापासूनच गिधाडाच्या मुकुटात बसविले.

दोन अपवाद सांगितले पाहिजेत. हॉवर्ड हॉक्सच्या ‘लँड ऑफ द फेरोज’ (१९५५) या चित्रात वेषांचा गोंधळ पुष्कळ आहे. परंतु अलेक्झांद्र त्रोनेर याने योजलेले पिरॅमिडचे अंतर्भाग स्मरणात राहतात. अखेरीस मडकी फुटतात, वाळू वाहू लागते, आणि तिच्या आधारावर तोललेल्या शिळा सावकाश खाली बसून मार्ग बंद करतात. येथे नेपथ्य ही पार्श्वभूमी न राहता कथेतील पात्र झाले आहे. दुसरे चित्र पोलंडच्या येर्झी काव्हालेरोविच याचे ‘फाराओन’ (१९६६). बोलेस्वाव प्रूसच्या कादंबरीवरील या चित्राचे बरेचसे चित्रण उझबेकिस्तानातील किझिलकुमच्या वाळवंटात झाले. वाळूचा पिवळा, तागाचा पांढरा, केसांच्या टोपांचा काळा, आणि क्वचित सोने. बस्स, एवढेच रंग. आरंभीच दोन शेणकिडे वाळूत आपला गोळा ढकलीत भांडतात. एकही स्तंभ न दाखविता आपण इजिप्तमध्ये पोचलेले असतो.

या ‘फाराओन’च्या सल्लागारांत शादी अब्देल सलाम हा तरुण इजिप्ती कलावंत होता. हॉलिवूडच्या ‘क्लिओपात्रा’च्या नेपथ्यातही त्याने काम केले होते. आपल्या पूर्वजांचे वैभव परक्यांच्या आराखड्याबरहुकूम उभारताना त्याला काय वाटले असेल, याचा तर्क त्याच्या स्वतःच्या चित्रावरून करावा. १९६९ च्या ‘अल-मुमिया’त एकही फेरो चालताबोलता दिसत नाही. काळ १८८१ चा; थडग्यांतील चीजवस्तू विकून जगणारी डोंगरातील जमात, काळ्या अंगरख्यांतील पुरुष, वाऱ्यावर फडफडणारे बुरखे, आणि पहाटेच्या धूसर प्रकाशात नदीकडे नेल्या जाणाऱ्या राजांच्या शवपेट्या. प्राचीन इजिप्त येथे पेटीत बंद आहे. आपण पाहतो ते वारसांचे चेहरे. ती पेटी आपली की परक्याची, विकावयाची की जपावयाची, हे त्यांना ठरवावयाचे आहे. डिमिलच्या महाद्वारापुढे हा प्रश्न कधी उभाच राहत नव्हता.

पुढील वर्षी त्याने ‘वाक्पटू शेतकरी’ या प्राचीन कथेवर लघुपट केला. त्यात वेष आहेत ते श्रमाने मळलेले. त्यानंतर अखनातेनवर मोठे चित्र करावे या ध्यासाने तो वर्षानुवर्षे आसने, रथ, दागिने, वस्त्रांच्या चुण्या रेखाटीत राहिला. पैसा उभा राहिला नाही. १९८६ मध्ये तो वारला, आणि चित्र झाले नाही. ती रेखाटने आज अलेक्झांड्रियाच्या नव्या ग्रंथालयात मांडून ठेवलेली पाहावयास मिळतात.