परिचारिका वर्गात गेली, तर दवाखाना कोण सांभाळणार?

२००५च्या सुमाराला केनियात आरोग्य खात्यापुढे मोठा पेच होता. देशातल्या बहुतेक परिचारिका प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून नोकरीला लागलेल्या. एचआयव्हीची साथ आणि क्षयरोग यांच्याशी सामना करायला त्यांनी पदविका घ्यावी असं ठरलं. पण अशा परिचारिका होत्या वीस हजारांच्या घरात आणि नर्सिंग कॉलेजांतल्या जागा इतक्या तोकड्या, की वर्गात बसवून सगळ्यांना शिकवायला शंभर वर्षं लागली असती. शिवाय खेड्यातल्या दवाखान्यातली एकुलती एक परिचारिका शहरात शिकायला गेली, तर रात्री अडलेल्या बाईने जायचं कुठे? आफ्रिकेत काम करणारी ॲमरेफ ही संस्था आणि केनियाची नर्सिंग परिषद यांनी तोडगा काढला. धडे संगणकावर शिकायचे, हातचं काम जवळच्या रुग्णालयात अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली करायचं आणि नोकरी सोडायची नाही.

जागतिक आरोग्याच्या शिक्षणात ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे ऑनलाइन आणि प्रत्यक्ष शिक्षणाची अशी सांगड, कोविडने आणलं, असं आजही सर्रास म्हटलं जातं. केनियाचा प्रयोग त्याच्या पंधरा वर्षं आधीचा आहे. टाळेबंदीत झालं ते वेगळंच होतं. कॉलेजं बंद पडली म्हणून तोच तास, तीच स्लाइड आणि तोच कंटाळा झूमवर गेला. ती आणीबाणीतली सोय होती. तिच्या कटू आठवणींवरून या पद्धतीला नापास करणं अन्यायाचं आहे.

दुसरा गैरसमज टक्केवारीचा, म्हणजे किती टक्के भाग ऑनलाइन यावरच सगळं ठरतं असं मानण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१मध्ये काढलेल्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली होती. वेळापत्रक आखणाऱ्यांना असा आकडा सोयीचा असतो. विद्यार्थ्याला मात्र घरी पाहिलेल्या व्हिडिओचा वर्गात काही उपयोग होतो का, याच्याशी कर्तव्य असतं. वर्गात तेच पुन्हा ऐकवलं, तर व्हिडिओ कोण पाहील? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३मध्ये सुरू केलेला ‘प्रोजेक्ट इको’ इथे पाहण्यासारखा आहे. आडगावातले डॉक्टर व्हिडिओवर जमतात, आपापल्या रुग्णांची माहिती मांडतात, तज्ज्ञ आणि सहकारी त्यावर चर्चा करतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्याच रुग्णावर उपचार करतात. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेपटायटिस सीचे या डॉक्टरांकडचे ५८.२ टक्के रुग्ण बरे झाले होते. तिथल्या विद्यापीठाच्या खास क्लिनिकमध्ये हे प्रमाण ५७.५ टक्के होतं.

म्हणून ही पद्धत नेहमीच सरस ठरते का? तसंही नाही. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१०च्या आढाव्यात मिश्र वर्गांचे निकाल निव्वळ प्रत्यक्ष वर्गांपेक्षा चांगले दिसले, पण त्या विद्यार्थ्यांना बऱ्याचदा अभ्यासाला जास्त वेळ आणि जादा साहित्यही मिळालं होतं, हे त्याच अहवालात लिहिलं आहे. जाहिरातींत हा भाग सहसा गळतो. आरोग्यशिक्षणापुरत्या ५६ अभ्यासांचा आढावा २०१६मध्ये निघाला. त्याचाही अनुकूल निष्कर्ष ज्ञान मिळवण्यापुरता आहे. हातांचं काय?

‘हाताचं काम वर्गातच शिकता येतं’ हे वाक्य निर्विवाद वाटतं. टांझानियातल्या हायडोम रुग्णालयाने त्यालाही धक्का दिला. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायचा, त्यासाठी ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे प्रशिक्षण आहे. बाहुलीच्या तोंडावर मास्क घट्ट बसवायचा, फुगा दाबायचा आणि छाती वर येते का ते पाहायचं. हायडोममध्ये २०१०मध्ये एक दिवसाची कार्यशाळा झाली, तीही समोरासमोर. सात महिन्यांनी पाहिलं, तर बाहुलीवर सगळ्यांचे हात सुधारलेले, पण प्रसूतिगृहातल्या खऱ्या बाळांच्या बाबतीत फरक नाही. मग बाहुलीच प्रसूतिकक्षात आणून ठेवली आणि ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांनी दर आठवड्याला जेमतेम तीन-पाच मिनिटं सराव सुरू केला. पहिल्या २४ तासांतले नवजात मृत्यू दर हजारी सुमारे ११ वरून ७ वर आले. म्हणजे वर्ग आणि पडदा यांच्या वादात कामाची जागा हा तिसरा पर्याय दोन्ही बाजू विसरतात.

विद्यार्थी कुरकुर करतात, म्हणजे पद्धत फसली, हेही तितकंच घाईचं. हार्वर्डमधल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी स्वतः प्रश्न सोडवत शिकले तेव्हा चाचणीत जास्त गुण मिळवून गेले, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांनाच वाटत होतं. छान व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, डोकं खाजवायला लागलं की वाटत नाही. तरीही प्रत्येक तक्रार या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. केनियातल्या अनेक परिचारिकांनी त्याआधी संगणक हाताळलेलाच नव्हता. भारतात २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती, संगणक तर ४.४ टक्क्यांकडे. फोन घरोघर पोचले, तरी चार जणांत एक फोन असलेल्या घरात ‘केव्हाही, कुठेही शिका’ म्हणजे सगळे झोपल्यावर शिका.

राहता राहिला पदवीचा प्रश्न, आणि तो महाराष्ट्रातल्या घरांनाही चटका देऊन गेला आहे. ऑनलाइन तास भरपूर झाले की डॉक्टरकी पुरी होते, या समजुतीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये साफ नकार दिला. निव्वळ ऑनलाइन वैद्यकीय शिक्षणाला मान्यता नाही. कोविड किंवा युक्रेनच्या युद्धामुळे शेवटच्या वर्षी मायदेशी परतलेल्या, पण २०२२च्या ३० जूनपर्यंत पदवी मिळालेल्या विद्यार्थ्यांना परदेशातून शिकून आलेल्यांसाठीच्या पात्रता परीक्षेला बसण्याची एकवेळची सवलत मिळाली. उत्तीर्ण झाल्यावर मात्र त्यांना इंटर्नशिप एका वर्षाऐवजी दोन वर्षं करावी लागणार होती, रुग्णांच्या खाटांपासून दूर गेलेल्या काळाची भरपाई म्हणून.