एका शब्दाचे अनेक अर्थ : इंग्रजीच्या अध्यापनातील एक अडचण

बारामती व इंदापूर तालुक्यांतील मुलांना नीरा डावा कालवा परिचयाचा आहे. याच कालव्याचे इंग्रजी नाव 'नीरा लेफ्ट बँक कॅनॉल' असे आहे. हे नाव ऐकून एखाद्या मुलाने "या कालव्यात बँक कोठे आहे?" असे विचारल्यास त्याला हसू नये. ज्या बँकेतून वडिलांना पीककर्ज मिळते, तेवढीच बँक त्याला ठाऊक असते. 'बँक' म्हणजे नदीचा तीर, हा अर्थ त्याने ऐकलेला नसतो. आणि मराठी नावात तर 'तीर' हा शब्दच गाळलेला आहे. त्याच नावातील 'लेफ्ट' या शब्दाचेही दोन अर्थ आहेत : एक 'डावा' आणि दुसरा 'निघून गेला'.

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी शिकविले जाते. एका बाजूस इंग्रजी शब्द व दुसऱ्या बाजूस एक मराठी अर्थ लिहून तो पाठ करवून घेण्याची रीत सोयीची आहे. परंतु तीमुळे प्रत्येक शब्दास एकच अर्थ असतो अशी मुलाची समजूत होते. पुढे वाक्यात दुसरा अर्थ आला की ते अडते, आपल्यालाच इंग्रजी जमत नाही असे मानते आणि प्रश्न विचारणे सोडून देते. यातील खरी हानी हीच होय.

वास्तविक ही गोष्ट मुलाला मातृभाषेत अवगतच असते. शेतास पाणी नेणारा पाट आणि जेवावयास बसण्याचा पाट यांत त्याचा कधी घोटाळा होत नाही. पाण्याची पाळी, कुळवाची पाळी व कानाची पाळी हे तिन्ही अर्थ ते बिनचूक ओळखते. कारण अर्थ ते एकट्या शब्दावरून न काढता सबंध वाक्यावरून काढते. इंग्रजीचा पाठ येथूनच सुरू करावा.

असे शब्द दोन प्रकारचे असतात. काहींचे अर्थ एकाच मुळातून फुटलेले असतात. 'टर्न' म्हणजे वळणे किंवा फिरणे. फिरत फिरत आपल्यापाशी येते ती पाळीही 'टर्न'च. 'केन' म्हणजे मुळात वेतासारखी पेरे असलेली वनस्पती. म्हणून ऊसही 'केन' आणि वेताची छडीही 'केन'. यांपैकी ऊस मुलांच्या शेतात आहे. छडीस मात्र २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याने शाळेत स्थान उरलेले नाही. अशा शब्दांचे मूळ सांगितले की पुढचे अर्थ सहज ध्यानात राहतात. उलट काही अर्थ आज एकमेकांपासून फार दूर गेलेले असतात. पैशाच्या 'बँके'चे नाव बाक अशा अर्थाच्या इटालियन शब्दावरून आले. सावकारी व्यवहार पूर्वी बाकावर चालत. नदीच्या तीराशी त्याचा संबंध मुलांना दाखविता येणार नाही. असे अर्थ निरनिराळे शब्द समजूनच शिकवावेत.

शब्दाचे वाक्यातील स्थानही अर्थ बदलते. 'वॉटर' म्हणजे पाणी. पण 'दे वॉटर द केन' या वाक्यात तेच क्रियापद होऊन 'ते उसाला पाणी देतात' असा अर्थ होतो. 'प्लांट' म्हणजे रोप, रोप लावणे, तसेच कारखान्यातील यंत्रसामग्री. भवानीनगर किंवा सोमेश्वरनगर येथील साखर कारखाना पाहिलेल्या मुलास हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

वर्गात पुढीलप्रमाणे करावे :

१. नवा शब्द सुटा न देता लहान वाक्यात द्यावा.

२. दुसरा अर्थ पहिल्याच दिवशी सांगू नये. पहिला पक्का झाल्यावर दुसरे वाक्य फळ्यावर लिहून मुलांनाच तर्क करू द्यावा.

३. कालवा, कारखाना, बाजार व एस. टी. स्थानक येथील पाट्यांवरचे इंग्रजी शब्द मुलांकडून जमवावेत.

४. उत्तर तपासताना मुलाने शब्दाचा दुसरा खरा अर्थ लिहिला असेल, तर नुसती चुकीची खूण करू नये. "हा अर्थ बरोबर आहे; या वाक्यात मात्र तो बसत नाही," असे सांगावे.

या शेवटच्या सूचनेस विशेष महत्त्व आहे. नदीच्या तीराऐवजी पैशाची बँक लिहिणारा मुलगा अज्ञानी नसतो. त्याने आपल्या गावातून आणलेला अर्थ दिलेला असतो. तो मान्य करून दुसरा अर्थ शिकविला, तर मूल पुढच्या शब्दाचाही अर्थ न भिता विचारील.