वंदनेनंतरची दहा मिनिटे

आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते. त्रिशरण-पंचशील, बुद्धपूजा, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील एखाद्या भागाचे वाचन, सरणत्तयं. मग सतरंज्या गुंडाळायच्या आणि ज्याने त्याने आपल्या घरी जायचे. अनेक वर्षे हा क्रम असाच चालला. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसणाऱ्या एका ताईंकडे आमचे कधी नीट लक्ष गेले नाही.

या ताई सकाळी सात वाजता वस्तीतून निघतात. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगरच्या चार फ्लॅटमध्ये धुणीभांडी आणि झाडू-पोछा करून दुपारी परततात. डोके जड, हातापायांची आग, झोप नाही, जेवण जात नाही, अशा तक्रारी घेऊन त्या दोन-तीन दवाखाने फिरल्या. बीपी, शुगर, रक्त, सगळे ठीक निघाले. शक्तीच्या गोळ्या मिळाल्या. घरचे म्हणू लागले, कामाचा कंटाळा आला असेल. आम्ही विहारातली माणसे म्हणालो, "ताई, ध्यान करत जा." एवढे सांगून आम्ही मोकळे झालो.

एका रविवारी सतरंजी गुंडाळता गुंडाळता शेजारच्या आजींनी त्यांचा हात धरला. "काय होऊन राहिलं तुले, सांग तं खरं." ताई अर्धा तास रडल्या. पती जाऊन दीड वर्ष झाले होते. "पुण्यानुमोदन झालं, सारे आपापल्या घरी गेले. मंग त्याईचं नावच कोणी काढलं नाही. मीच अजून रडत बसली तं लोक काय म्हणतीन?"

हे दीड वर्ष ताई दर रविवारी आमच्यासोबत बसत होत्या. आम्ही विचारले नाही, म्हणून त्यांनी सांगितले नाही. म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान मनाच्या दुखण्याविषयी.

मनाचे दुखणे अंगावर निघते

आपल्या वस्तीत 'मानसिक आजार' असे कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो टेन्शन आहे, मन लागत नाही, जीव घाबरतो, डोक्यात विचार फिरतात. अनेकदा तेही म्हणत नाही. डोके, पाठ, छाती, पोट दुखते एवढेच सांगतो. ही दुखणी खोटी नसतात. मनावर ताण राहिला की झोप उडते, स्नायू आखडतात, भूक मरते, थकवा येतो. पुरुषांचे दुखणे तर बरेचदा दारूच्या बाटलीमागे लपते. दारूने रात्र निघते, पण उदासी वाढते.

जवळचे माणूस गेले, नोकरी सुटली, तर वाईट वाटणे हा आजार नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण कुचकामी आहोत असे वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहे.

सोबत शरीराची तपासणीही करून घ्यावी. रक्त कमी असणे आणि थायरॉइडचा त्रास यांनीही माणूस थकलेला आणि उदास दिसतो. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. त्यातही थकवा आणि अंगदुखी असते. तेव्हा ही तपासणी झालेली नसेल तर ती आधी करावी.

बाबासाहेबांनी दुःख लपवले नाही

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आपण लढणाऱ्यांची लेकरे. रडणे म्हणजे हरणे, असे आपण मुलांना नकळत शिकवतो. म्हणून १९२६ सालचा एक प्रसंग आठवावा.

त्या वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब आणि माता रमाई यांचा लाडका राजरत्न गेला. त्याआधीही त्यांनी लेकरे गमावली होती. ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. या धक्क्यातून आपण दोघे सावरलो असे भासवण्यात अर्थ नाही, तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार लेकरे आपण पुरली आहेत, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने कळवले. त्या पत्रानंतर सात महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, तेच बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते.

मित्राजवळ मन मोकळे केल्याने बाबासाहेबांचा लढा कमजोर झाला नाही. मग आपण कोणापासून लपवतो?

दुसरा बाण

संयुत्त निकायात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, तेव्हा वेदना होते. मग तो शोक करतो, छाती बडवून घेतो, आणि त्याच जागी जणू दुसरा बाण लागतो. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला.

आपल्या आयुष्यात पहिले बाण पुष्कळ आहेत. गरिबी, आजारपण, जवळच्यांचा मृत्यू. आडनाव विचारून चेहरा बदलणारा घरमालक. राखीव जागेवरून आला म्हणून वर्गात मारलेला टोमणा. हे बाण आपण स्वतःला मारलेले नाहीत. ते थांबवण्यासाठी संघटना, कायदा आणि चळवळ आहे, आणि ती लढाई सोडायची नाही. पण रात्री अंथरुणात पडून "माझ्यातच काही कमी आहे," असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा दुसरा बाण आपल्याच हातात असतो. दीक्षाभूमी आपल्या प्रताप नगरपासून थोड्याच अंतरावर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे लाखो माणसांनी कमीपणाचे ओझे खाली ठेवले. ते ओझे पुन्हा पाठीवर घ्यायचे कारण नाही.

१७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला, तेव्हा आपण सारे रस्त्यावर उतरलो. ते योग्यच होते. पण आपल्याच घरातली मुलगी वसतिगृहातून फोन करते, तेव्हा आपण मार्क विचारतो, मेसचे पैसे भरले का विचारतो. "तिथे कोणी त्रास देते का? रात्री झोप येते का?" हेही विचारले पाहिजे. आणि "नापास झालीस तरी घर तुझेच आहे," हे तिला तोंडाने सांगितले पाहिजे. ते आपोआप कळत नाही.

मैत्री भावनेत सर्व प्राणिमात्रांचे मंगल चिंतायचे असते. तिची सुरुवात स्वतःपासून करायची, अशी जुनी पद्धत आहे. पण आपल्या अनेक ताईंना स्वतःसाठी दोन शब्द म्हणतानाच लाज वाटते. रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, श्वासाकडे लक्ष द्यावे आणि आधी स्वतःचे मंगल चिंतावे. आज चूक झाली असेल तर शेजारणीला जसे समजावले असते, तसे स्वतःला समजवावे.

कल्याणमित्र म्हणजे अर्धे नव्हे, पूर्ण

एकदा आनंद तथागतांना म्हणाले की कल्याणमित्रता हे धम्मजीवनाचे अर्धे अंग आहे. तथागतांनी त्यांना दुरुस्त केले. अर्धे नव्हे, ते संपूर्ण धम्मजीवन आहे. स्वतःचा दिवा स्वतः होण्याची शिकवण आपण विहाराच्या भिंतीवर लिहितो. तिचा अर्थ अंधारात एकटे बसा असा होत नाही.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात याचा अनुभव आला आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. समाजातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण दिले. ती माणसे घरोघरी जाऊन बोलत, ऐकून घेत, गरज पडल्यास डॉक्टरपर्यंत पोचवत. आधी नैराश्य असलेल्या शंभरातली जेमतेम चार माणसे मदत घेत होती, नंतर सत्तावीस घेऊ लागली. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरातल्या एका गरीब वस्तीत असेच काम वस्तीतल्या आजीबाईंना शिकवले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी आणि शेजारी दुःखी माणूस. तिथल्या भाषेत या दुखण्याला 'फार विचार करणे' असेच म्हणतात. आपल्या वस्तीतल्या बाया म्हणतात तेच!

म्हणजे ज्या आजींनी आमच्या ताईंचा हात धरला, त्यांनी नेमके तेच केले. ऐकण्याच्या चार गोष्टी आपण सारे शिकू शकतो. मध्ये बोलू नये. "एवढ्याने काय होतं, आम्ही किती सोसलं," असे म्हणू नये. उपाय सांगण्याची घाई करू नये. आणि ऐकलेले नळावर सांगू नये. ही चौथी गोष्ट मोडली, तर त्या घराचे दार पुन्हा उघडत नाही.

मनाला वाट द्यावी

बोलणे सर्वांना जमत नाही. काहींचे दुःख हातातून, गळ्यातून बाहेर पडते.

पटाचारेची कथा आपण ऐकली आहे. पती, दोन्ही मुले आणि माहेरची माणसे गमावल्यावर तिचे भान हरपले. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले आणि सभेतल्या एकाने अंगावरचे वस्त्र तिला दिले. पुढे ती थेरी झाली आणि दुःखाने पोळलेल्या इतर स्त्रियांची आधार झाली. तिच्या गाथा आणि तिने सावरलेल्या स्त्रियांच्या गाथा थेरीगाथेत आहेत. आपल्या परंपरेतल्या स्त्रिया दुःखातून काव्य करत होत्या.

फार मागे जायचीही गरज नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी छोटे किराणा दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून, सुमारे वीस वर्षे लिहिले. त्याचे 'जिणं आमुचं' झाले. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले. त्यांना कुठल्या मैफलीत वाजवायचे नव्हते.

आपल्याला पुस्तक छापायचे नाही की बक्षीस मिळवायचे नाही. शिवण, गोधडी, चित्र, वहीत चार ओळी, कुंडीतले झाड, ढोलकीवर भीमगीत, यांपैकी जे आवडते ते आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास करावे. हात गुंतले की डोक्यात फिरणारा विचार थोडा थांबतो. उदास माणसाला काहीच करावेसे वाटत नाही, आणि काही न केल्याने उदासी वाढते. म्हणून मन तयार होण्याची वाट न पाहता लहानसे काम हाती घ्यावे. चौघींनी मिळून केले तर आणखी बरे. जयंतीच्या तालमीत महिनाभर आपली मुले कशी खुललेली असतात, ते आपण पाहतो. मग तालीम एप्रिलपुरतीच का?

इथे थांबू नये

ऐकणे आणि गाणे यांनी सगळे बरे होत नाही. झोप-भूक फार बिघडली, माणूस कामावर जाऊ शकत नाही, कानात आवाज येतात, बाळंतपणानंतर आई बाळाकडे पाहत नाही, किंवा मरणाचे विचार येतात, तेव्हा डॉक्टरच हवेत. ध्यान हे औषधाला पर्याय नाही. तीव्र त्रास असताना लांबच्या ध्यान शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्याच्या चौकाला लोकांनी दिलेल्या नावामुळे आपण घाबरतो. पण तिथे गेलेल्या प्रत्येकाला भरती करत नाहीत. बाह्यरुग्ण विभागात दाखवून, गोळ्या घेऊन माणूस त्याच दिवशी घरी येतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. दारूसारखे त्यांचे व्यसन लागत नाही. मात्र बरे वाटले म्हणून आपल्या मनाने त्या बंद करू नयेत.

टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीत उपलब्ध आहे. स्वतःसाठी किंवा घरच्या माणसासाठी कोणीही फोन करू शकते.

मरणाच्या विचारांविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. असे विचार असलेल्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. पोलीस केसच्या भीतीने कोणी लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानले जाते आणि तिच्यावर खटला चालवत नाहीत. तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी आहे. सरकारी सेवेत उपचार मिळणे आणि आपली माहिती गुप्त राहणे हाही आपला हक्क आहे.

आमच्या विहारात आता सरणत्तयं झाल्यावर सतरंज्या लगेच गुंडाळत नाही. दहा मिनिटे बसतो. शेजारी बसलेल्याला विचारतो, "हा आठवडा कसा गेला?" कोणी सांगते, कोणी नुसते हसते. सांगण्याची सक्ती नाही. ज्यांच्या घरी मृत्यू झाला, त्यांच्याकडे पुण्यानुमोदनानंतरही दर महिन्याला दोघे जण जातात आणि गेलेल्या माणसाचे नाव आवर्जून काढतात.

ताई महिन्यातून एकदा मेडिकलला जातात. झोप बरी आहे. एखाद्या रविवारी त्या येत नाहीत, तेव्हा आजी वंदनेनंतर त्यांच्या दारावर जाऊन बसतात.

तुमच्या विहारातही शेवटच्या रांगेत कोणी बसत असेल. येत्या रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसा.