साडेसहाशे खाटा, पावणेचोवीस लाख डोस

कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, साडेसहाशेच्या वर खाटा आहेत. आपण साडेसहाशेच धरू. गोळ्या, इंजेक्शनं, सलाईनमधून जाणारी औषधं मिळून एका पेशंटला दिवसाला दहा डोस. हा दहाचा आकडा माझा, हिशेबापुरता. रोजचे झाले साडेसहा हजार आणि वर्षाचे पावणेचोवीस लाख. 2011च्या जनगणनेत अख्ख्या कोल्हापूर शहरात साडेपाच लाख माणसं होती. त्यातल्या प्रत्येकाला, तान्ह्या पोरासकट, वर्षातून चारदा औषध पाजावं एवढा हा एका रुग्णालयाचा कारभार!

दहा जास्त वाटतात? बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात 735 खाटांवर वर्षाला सुमारे 59 लाख डोस दिले जात. खाटेमागे रोज बावीस पडतात. आपण निम्मेही धरले नाहीत.

आता एका डोसचा प्रवास बघा. डॉक्टर केसपेपरवर लिहितात, सिस्टर ते उतरवून घेतात, इंडेंट फार्मसीत जातं, तिथून औषध निघतं, वॉर्डात ते योग्य खाटेवर पोचतं. पाच टप्पे झाले. प्रत्येक टप्प्यावर शंभरातली नव्व्याण्णव कामं बिनचूक होतात असं समजा. बोर्डाच्या परीक्षेत एवढे मार्क मिळाले तर गल्लीत पेढे वाटतील. पण नव्व्याण्णव टक्के पाच वेळा एकमेकांशी गुणले की उरतात पंचाण्णव. साडेसहा हजारांत रोज सुमारे तीनशे वीस डोस कुठेतरी चुकलेले. प्रत्येक टप्पा 99.9 टक्क्यांवर नेला, तरी रोज बत्तीस. हा सीपीआरच्या चुकांचा हिशेब नव्हे, कुठल्याही साडेसहाशे खाटांचं गणित आहे.

प्रत्यक्षात मोजलं तेव्हा काय दिसलं? अमेरिकेतल्या 36 आरोग्यसंस्थांमध्ये निरीक्षक बसवून 3,216 डोस तपासले गेले. 2002 साली निष्कर्ष छापून आला: 605 डोसांत चूक, म्हणजे जवळजवळ दर पाचवा डोस. यातल्या बऱ्याच चुका वेळेच्या होत्या, आठचं औषध उशिरा दिलं अशा. त्याने सहसा बिघडत नाही. तरीही शंभर चुकांतल्या सात इजा करू शकतील अशा होत्या. फार्मसीतली कथा वेगळी नाही. दुसऱ्या एका पाहणीत 1,40,755 डोस भरताना 3.6 टक्के चुकले. फार्मासिस्टच्या नजरेने त्यातले 79 टक्के पकडले आणि हजारावर तिथूनही निसटले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांच्या चुकांचा जगाला पडणारा भुर्दंड वर्षाला 42 अब्ज डॉलर धरला होता.

यावर उपाय म्हणून वॉर्डात कुलूपबंद कपाट आलं. सिस्टर बोटाचा ठसा देते, पडद्यावर पेशंट निवडते, आणि त्याच औषधाचा खण उघडतो. किती गोळ्या निघाल्या, कोणी काढल्या, कधी काढल्या, याची नोंद आपोआप होते. अशा कपाटांसाठी ओळखली जाणारी पिक्सिस कंपनी 1987 साली सॅन दिएगोत सुरू झाली. पण माझ्या मते खरा गडी कपाट नसून बारकोड आहे. बॉस्टनच्या त्याच रुग्णालयात पेशंटच्या मनगटाचा पट्टा आणि औषधाची पुडी दोन्ही स्कॅन करायला लागल्यावर वेळेखेरीजच्या चुका 11.5 टक्क्यांवरून 6.8 वर आल्या, आणि उतरवून घेण्यातल्या 6.1 टक्के चुका शून्यावर. इजा करू शकणाऱ्या चुका निम्म्या झाल्या. 59 लाखांच्या पसाऱ्यात हे वर्षाला सुमारे 95,000 प्रसंग टळण्यासारखं होतं.

यंत्र मात्र चूकही तेवढ्याच निष्ठेने पार पाडतं. 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात एका मुलाला एक गोळी द्यायची होती. डॉक्टरने 160 मिलिग्रॅमचा आकडा संगणकावर टाकला, पण एकक राहिलं ‘दर किलोला’. पोराचं वजन 38.6 किलो. गुणाकार झाला आणि फार्मसीतल्या रोबोने साडेअडतीस गोळ्या बिनचूक बांधून पाठवल्या. सिस्टरने बारकोड स्कॅन केला. यंत्र म्हणालं, बरोबर! मुलाला झटके आले, पण तो वाचला. 2017 साली नॅशव्हिलमध्ये तेही नशिबी नव्हतं. तिथे नर्सने कपाटावर औषधाच्या नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरं टाइप केली. शांत करणाऱ्या औषधाऐवजी त्याच अक्षरांनी सुरू होणारं, स्नायू लुळे पाडणारं औषध पडद्यावर आलं. धोक्याच्या सूचना मागे टाकून ते बाहेर काढलं गेलं आणि रुग्ण दगावली.

आपल्याकडे अडचण त्याच्याही आधीच सुरू होते. इथे गोळ्या दहा-पंधराच्या पट्टीत येतात. 1 ऑगस्ट 2023पासून 300 नामांकित ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, हे चांगलंच. पण तो पट्टीवर किंवा खोक्यावर असतो. कात्रीने तीन गोळ्या कापून ट्रॉलीत टाकल्या की कोड एकीकडे, गोळ्या दुसरीकडे. स्कॅनर हातात असून स्कॅन काय करायचं? इन्सुलिनची तऱ्हा तर न्यारीच: आपल्या बाटलीत एका मिलिलिटरला 40 युनिट, पेनाच्या काडतुसात 100. लाल टोपणाची सिरिंज चाळीसची, नारिंगी शंभरची. शंभरचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं की डोस थेट अडीचपट.

म्हणून महागड्या कपाटाआधी एकेक गोळी सुटी बांधून तिच्यावर कोड छापणारं यंत्र घ्यावं, असं मला वाटतं. रोजच्या साडेसहा हजारांत चार हजार गोळ्या धरा. हाताने एक पुडी कापून, बांधून, चिठ्ठी लावायला दहा सेकंद लागले, तरी अकरा तासांवर काम. मिनिटाला साठ पुड्या बांधणारी यंत्रं बाजारात आहेत. त्यांना सदुसष्ट मिनिटं पुरतात. उरलेली अडीच हजार इंजेक्शनं आणि सलाईनं मात्र तरीही सिस्टरच्याच हातून जाणार.