एक काठी, एक दोरी, एक पीस

बालमित्रांनो, मासा पकडायला काय काय लागतं? सांगा पाहू!

हाच प्रश्न मी माझ्या चौथीच्या वर्गाला विचारला, तेव्हा फळा पुरेना. जाळं, गरी, गांडूळ, कणकेची गोळी, डबा, टोपी... यादी वाढतच गेली. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "मॅडम, फिरकीवाली काठी पण लागते. मोबाईलवर पायली मी. लय महाग रायते!"

मी सगळं पुसून टाकलं आणि फळ्यावर तीनच शब्द लिहिले : काठी, दोरी, पीस. कोंबडीचं पीस बरं का! वर्ग खो खो हसला. तुम्हीही हसला असाल. पण मित्रांनो, जपानमधले डोंगरातले कोळी एवढ्याच सामानावर पोट भरत होते. त्यांच्या या पद्धतीला म्हणतात 'तेंकारा'.

जपान हा डोंगरांचा देश. तिथले ओढे थंडगार, उथळ आणि भारी खळखळाट करणारे. त्यात इवाना, यामामे, आमागो असे चपळ मासे राहतात. डोंगरातली माणसं हे मासे धरून खालच्या खानावळींना आणि गावांना विकत. दिवसभर दगडधोंड्यांतून चढायचं म्हणजे ओझं नको. म्हणून बांबूची लांब, हलकी काठी घ्यायची. तिच्या टोकाला घोड्याच्या शेपटीच्या केसांची पिळलेली दोरी बांधायची. दोरीच्या शेवटी आकडा, आणि त्या आकड्यावर दोऱ्यानं गुंडाळलेलं पीस. झालं! फिरकी नाही की गांडूळ नाही. १८७८ मध्ये अर्नेस्ट सॅटो नावाचा इंग्रज अधिकारी तातेयामा पर्वतावर गेला होता. त्याच्या रोजनिशीत या मासेमारीची नोंद सापडते. आता बांबूऐवजी कार्बनच्या काठ्या आल्या आहेत. छत्रीच्या दांड्यासारख्या एकात एक सरकतात. उघडल्या की साडेतीन-चार मीटर लांब, आणि वजन शंभर ग्रॅमच्या आसपास! २००९ मध्ये अमेरिकेत या काठ्या विकणारी कंपनी निघाली आणि हा छंद जगभर पसरला.

आता खरी गंमत. पीस काही खाण्याची वस्तू नाही. मग मासा फसतो कसा?

ओढ्यातल्या माशाचं जेवण म्हणजे वाहत येणारे किडे. मासा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा राहतो. वरून पाणी वाहत येतं, त्यात किडा येतो, मासा झेप घेतो. किडा आहे की काडी, हे ठरवायला त्याला क्षणभरच वेळ मिळतो. तेवढ्यात विचार करत बसला तर जेवण पुढे निघून जायचं! तेंकारावाले याच घाईचा फायदा घेतात. त्यांच्या पिसाच्या किड्याला 'केबारी' म्हणतात. 'के' म्हणजे केस किंवा पीस आणि 'हारी' म्हणजे सुई. एका प्रकारच्या केबारीत पिसाचे तंतू उलटे, पुढच्या बाजूला झुकवून बांधतात. काठी हळूच हलवली की ते मिटतात नि उघडतात. माशाला वाटतं, किडा पाय हलवतोय!

आणि लांब काठी कशाला? दोरी पाण्यावर पडली की प्रवाह तिला ओढतो, आणि तिच्याबरोबर पीसही फरफटतं. खरा किडा असा फरफटत नाही. काठी उंच धरली तर बहुतेक दोरी हवेतच राहते. पाण्याला टेकतं ते फक्त पीस आणि दोरीचं टोक. म्हणजे या साध्या काठीमागे चांगलं डोकं लढवलेलं आहे.

आपल्या भागातही हे शहाणपण जुनंच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं मन कसं रमवावं हे सांगताना त्यात 'मत्स्यविनोद' असा भाग आहे. माशांचे प्रकार, त्यांचं आमिष, गळ, दोरी, काठी, सगळ्याची माहिती त्यात आहे. राजाला जो विनोद, तोच आपल्या पूर्व विदर्भातल्या ढिवर बांधवांचा पोटाचा धंदा. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव पुष्कळ. तिकडे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे 'माजी मालगुजारी' तलाव. त्या पाण्यावर कितीतरी घरं चालत आली आहेत.

अशाच एका घरातले आजोबा आमच्या मदतीला आले. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे ते आजोबा. आधी आम्ही शाळेच्या मैदानावर सराव केला. आकडा अजिबात लावायचा नाही, हा पहिला नियम. मुलांच्या उंचीला झेपेल अशी अडीच मीटरची बारीक बांबूची काठी घेतली. तेवढ्याच लांबीची सुती दोरी वळली. काठीकडे सहा पदर, मध्ये चार, शेवटी दोन. अशी निमुळती का? बैलगाडीवाल्याचा चाबूक आठवा. मुठीकडे जाड, टोकाला बारीक. हाताचा झटका जाड भागातून बारीक भागात जातो आणि टोक सपकन पुढे येतं. पिसाला वजन नसतं, म्हणून त्याला दोरीनंच वाहून न्यायचं. टोकाला एक पीस बांधलं आणि पाच पावलांवर पाण्यानं भरलेली परात ठेवली. पीस परातीत पडलं की एक गुण!

पहिल्या दिवशी पीस कुणाच्या वेणीत अडकलं, कुणाच्या चष्म्याला लटकलं, माझ्या पदरालाही लागलं. आजोबा पाहत होते. म्हणाले, "बाई, पोट्टे लय जोर लावतात. जोर नाई लागत. काठी वर न्या, डोक्यावर आली का थांबा. दोरी मांगं सरळ होऊ द्या. मंग पुढं." मधलं ते थांबणं जमलं आणि चौथ्या दिवशी परातीत टपाटप पिसं पडू लागली.

मग दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी, मुख्याध्यापकांची परवानगी आणि चार पालक सोबत घेऊन आम्ही लाव्हा गावाकडे निघालो. वाडीच्या मुलांनो, तुम्हाला ठाऊक आहे ना? आपल्या नागपूरची नाग नदी या लाव्ह्याच्याच टेकड्यांत उगम पावते. तिथून ती अंबाझरी तलावात येते, मग नागपूर शहरातून वाहत पुढे कन्हान नदीला मिळते. कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेचं पाणी पुढे गोदावरीत जातं. म्हणजे आपल्या शेजारचा ओहोळ थेट बंगालच्या उपसागराचा नातेवाईक!

वरच्या अंगाला पाणी घोट्याएवढंच होतं, पण नितळ. मुलं धावत सुटली. आजोबांनी हात वर केला. "पोट्टेहो, आंधी खाली बसा. उभे रायले त माशाले सावली दिसते. सावली दिसली का तो गेला समजा." मग त्यांनी प्रवाहाच्या खालच्या बाजूनं, वाकून, मांजराच्या पावलांनी जायला शिकवलं. माशाचं तोंड वरच्या बाजूला असतं ना, म्हणून त्याच्या मागून जायचं!

मागच्या बाकावरचा तो फिरकीवाला आठवतो? पहिली पाळी त्याची. पीस दगडामागच्या संथ पाण्यावर अलगद पडलं. एक... दोन... आणि चांदीसारखं काहीतरी चमकलं! बोटाएवढा मासा पिसावर झेपावला, ओढलं आणि थुंकून पळाला. आकडा नव्हताच. पण त्या पोराचा चेहरा! "मॅडम, ओढलं त्यानं! मले हातात समजलं!" एवढंच तो दहा वेळा सांगत राहिला.

परतताना मी एक खेळ दिला. पाण्यातला दगड उचलायचा, उलटा करायचा, पाहायचं आणि होता तसा ठेवायचा. वरच्या अंगाला दगडाखाली तीन बारीक शेपट्यांचे किडे होते, वाळूच्या कणांचं घर अंगावर घेऊन फिरणाऱ्या अळ्या होत्या, चतुराची पिल्लं होती. वस्तीजवळ, जिथं नाल्या येऊन मिळतात तिथं पाणी काळपट होतं. हात घालू नका म्हटलं आणि मीच काठीनं गाळ ढवळून दाखवला. वळवळणाऱ्या लाल अळ्या, बस्स. पीस टाकून पाहिलं. काहीच हललं नाही.

"आजोबा, इथं मासे काहून नाई?" फिरकीवाल्यानं विचारलं.

"मासा काय खाईन? अन् दम कसा घेईन?" आजोबा म्हणाले.

मी वर्गात समजावून सांगितलं. सांडपाण्यातला मैला कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. तीन शेपट्यांच्या किड्यांना भरपूर प्राणवायू लागतो, ते आधी नाहीसे होतात. लाल अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्या थोडक्या प्राणवायूवर तग धरतात. किडे गेले की मासे जातात. दगडाखालचे किडे म्हणजे ओढ्याचं प्रगतिपुस्तकच.

फिरकीवाला बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्या घरची नाली बी तिकडंच जाते." मित्रांनो, मला त्याचं कौतुक वाटलं. "लोक घाण करतात" असं म्हणणं सोपं असतं. त्या लोकांत आपण आहोत, हे नववर्षाच्या पोरानं ओळखलं. पुढच्या सोमवारी त्यानं सांगितलं, की घरी तळणाचं उरलेलं तेल आता मोरीत न ओतता डब्यात साठवतात. एका डब्यानं नदी निवळणार नाही, हे त्यालाही कळतं. मैलापाणी शुद्ध करून सोडण्याचं काम मोठ्यांचं आहे. पण ज्याच्या हाताला एकदा मासा ओढून गेला, तो मोठा झाल्यावर ते काम विसरणार नाही, असं मला वाटतं.

आपल्याकडे महाग काठी मिळेल, केबारीही मिळेल. पण तेंकाराला लागणारी चौथी वस्तू दुकानात मिळत नाही : जिवंत ओढा. फळ्यावर मी तीन शब्द लिहिले होते. मुलांनीच चौथा लिहिला.

आता तुम्हीही करून पाहा. पण काही नियम पाळा बरं का! मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही, तलावावर तर नाहीच. पावसात ओढ्याकडे फिरकायचं नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला एका रात्रीच्या पावसानं अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी नागपूरच्या घराघरांत शिरलं. ओढा किती पटकन रूप बदलतो, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे. तलावातले मासे बहुधा मच्छीमार संस्थांचे असतात, तिथं विचारल्याशिवाय गळ टाकू नका. चुकून मासा हाती आलाच, तर हात ओले करून धरा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत, कोरड्या हातानं ते निघतं.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. एखाद्या रविवारी मुलांबरोबर आकडा नसलेली काठी घेऊन बसा. पीस पाण्यावर सोडा आणि दगड उलटून पाहा. तुमच्या गावच्या ओढ्याचं प्रगतिपुस्तक काय म्हणतं, ते मुलांना वहीत लिहू द्या.