दूरनियंत्रित विद्युत ट्रकमधील उष्णतेचे नियमन

प्रस्तावना : रेडिओलहरींद्वारे नियंत्रित होणाऱ्या छोट्या विद्युत ट्रकमध्ये बॅटरी, गतिनियंत्रक व मोटर हे प्रमुख घटक असतात. चढावर अथवा दाट गवतात ट्रक चालविल्यास गतिनियंत्रक तापून बंद पडतो. अशा वेळी पंखा बसविणे हाच उपाय समजला जातो. तथापि समस्येचे मूळ अन्यत्र असते.

कारणमीमांसा : गतिनियंत्रकातील मॉसफेट हे इलेक्ट्रॉनिक स्विच मोटरचा प्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद करतात. त्यांच्या रोधामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रोध १ मिलिओहम असल्यास ५० अँपिअर प्रवाहाला २.५ वॅट, तर १०० अँपिअरला १० वॅट उष्णता निर्माण होते. तापमानाबरोबर मॉसफेटचा रोधही वाढत असल्याने हे चक्र अधिक तीव्र होते.

उपाययोजना : प्रथम मोटरच्या दांड्यावरील पिनियन कमी दात्यांचे घ्यावे. कमाल वेग घटतो. परंतु मोटरवरील भार हलका होऊन प्रवाह कमी होतो. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने मॉसफेट व ॲल्युमिनियमचा उष्णताविसर्जक यांमधील फट उष्णतावाहक लेपाने भरावी. त्यानंतर पंखा बसवावा. वरचे कवच बंदिस्त असल्यास पंखा तीच गरम हवा फिरवीत राहतो. म्हणून कवचाच्या मागील बाजूस हवेला वाट ठेवावी.

निष्कर्ष : पंख्याने गतिनियंत्रक थंड राहिला, तरी तोच प्रवाह मोटर व बॅटरी यांना तापवीत असतो. लिथियम-पॉलिमर बॅटरी ६०° सेल्सिअसपुढे तापल्यास तिची हानी होते व आगीचा धोका वाढतो. म्हणून उष्णता बाहेर टाकण्यापूर्वी तिची निर्मिती कमी करणे अधिक आवश्यक ठरते.